वाहनांचे इंग्रजी शब्द : तक्त्यावरून नाही, रस्त्यावरून शिकवूया



पहिली-दुसरीच्या इंग्रजीत एक घटक हमखास असतो, तो म्हणजे वाहनं. बाजारात त्याचा रंगीत तक्ताही मिळतो. त्यात एअरोप्लेन असतं, हेलिकॉप्टर असतं, शिप असतं, एखाद्या तक्त्यात तर हॉट एअर बलूनसुद्धा असतो. तक्ता भिंतीला लावायचा, पट्टीने चित्र दाखवायचं, आपण म्हणायचं आणि मुलांनी मागे म्हणायचं. दोन तासिकांत घटक संपतो, टाचणात तशी नोंद होते. आठवड्याने शाळेसमोर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे हात करून विचारावं, "व्हॉट इज धिस?", तर निम्मा वर्ग गप्प. एखादा हळूच म्हणतो, "सर, तो ट्रॅक्टर हाय." गंमत बघा, त्याचं उत्तर इंग्रजीतही बरोबरच आहे! त्याला फक्त हे माहीत नाही की आपल्याला इंग्रजी येतं.

आपल्या राज्यात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही खेड्यातल्या मुलाला इंग्रजी म्हणजे परक्या घरचा विषय वाटतो. ही भीती घालवायला वाहनांच्या घटकाइतका सोपा घटक दुसरा नाही, कारण यातले निम्मे शब्द मुलं जन्मापासून ऐकतात. म्हणून हा घटक मी तक्त्यापासून सुरू न करता रस्त्यापासून सुरू करतो. तो कसा, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

टप्पा १ : आधी यादी मुलांकडून घ्या

पहिल्या दिवशी इंग्रजीचा एकही शब्द शिकवायचा नाही. मुलांना व्हरांड्यात किंवा फाटकाच्या आत बसवायचं आणि वीस मिनिटं रस्ता बघायचा. जे वाहन जाईल त्याचं नाव मुलांनी सांगायचं, जसं घरी म्हणतात तसंच. आपण ते वहीत टिपून घ्यायचं. रस्त्यावर वर्दळ नसेल तर "बाजाराला जाताना काय काय दिसतं?" एवढं विचारलं तरी फळा भरतो. मग त्या शब्दांचे तीन रकाने करायचे.

पहिला रकाना, दोन्हीकडे चालणारे शब्द : बस, कार, जीप, ट्रक, ट्रॅक्टर, टँकर, टॅक्सी, रिक्षा, व्हॅन, स्कूटर, ॲम्ब्युलन्स. हे अकरा शब्द मुलांना आजच येतात. हे त्यांना स्पष्ट सांगा. "पोरांनो, अकरा इंग्रजी शब्द तुम्हाला शिकवायच्या आधीच येतात" असं म्हटल्यावर वर्गाचा चेहरा बदलतो. शिक्षकांच्या माहितीसाठी : यातला रिक्षा मूळचा जपानी आहे. जिनरिकिशा म्हणजे माणसाच्या बळावर चालणारं वाहन, त्याचं झालं रिक्षा. आणि बस हे लॅटिन 'ओम्निबस'चं शेपूट. अर्थ 'सगळ्यांसाठी'. म्हणजे शब्द गावोगाव फिरतात, कोणाच्या मालकीचे नसतात.

दुसरा रकाना, ज्यांना नवा शब्द लागतो : बैलगाडी म्हणजे बुलक कार्ट, आगगाडी म्हणजे ट्रेन, विमान म्हणजे एअरोप्लेन, होडी म्हणजे बोट, जहाज म्हणजे शिप, सायकल म्हणजे बायसिकल. खरं शिकवायचं ते एवढंच. सहा शब्द.

तिसरा रकाना, आपले खास शब्द : यष्टी, वडाप, काळी-पिवळी, फटफटी, टेम्पो, जेसीबी. हा रकाना पुसू नका. यातच सगळ्यात जास्त शिकवता येतं. 'यष्टी' म्हणजे एस आणि टी ही दोन इंग्रजी अक्षरं. ती फळ्यावर मोठी काढून दाखवा, मुलांच्या तोंडी असलेला आवाज आणि अक्षर यांची गाठ पडते. स्टेट ट्रान्सपोर्ट हे त्याचं पूर्ण रूप. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली, ही माहिती परिपाठात सांगण्यासारखी आहे. जेसीबी हे एका ब्रिटिश कंपनीचं नाव, संस्थापकाच्या नावाची आद्याक्षरं. टेम्पोही मुळात एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव होतं. वडाप आणि काळी-पिवळी यांना इंग्रजी शब्द शोधत बसू नका, 'शेअर जीप' एवढं पुरे.

टप्पा २ : 'गाडी'चं कोडं

आता मुख्य अडचणीकडे येऊ. मराठीत 'गाडी' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. वडिलांची मोटारसायकल गाडी, पाटलांची कार गाडी, मुंबईची रेल्वे गाडी, एसटीही गाडी, बैलांचीही गाडी. "गाडी आली" म्हटलं की कोणती ते आपल्याला प्रसंगावरून कळतं. इंग्रजीत असं चालत नाही. तिथे आधी कोणतं वाहन ते ठरवावं लागतं. म्हणून मूल "माय फादर हॅज अ कार" म्हणतं आणि घरी असते मोटारसायकल. मूल खोटं बोलत नसतं. त्याच्या डोक्यात गाडी बरोबर कार असं समीकरण बसलेलं असतं, आणि ते बहुधा आपणच 'कार म्हणजे गाडी' असं सांगून बसवलेलं असतं.

त्यामुळे कोणत्याही वाहनाचा अर्थ सांगताना 'गाडी' शब्द वापरू नका. त्याऐवजी चाकं मोजा. "हाउ मेनी व्हील्स?" या एका प्रश्नावर अख्खी तासिका चालते. बायसिकल, टू व्हील्स. रिक्षा, थ्री व्हील्स. कार, फोर व्हील्स. ट्रॅक्टरला चार, बुलक कार्टला दोन, बोटीला झीरो. बसला किती? मुलं चार म्हणतात. मग एसटी थांबली की मागून बघायला सांगा, मागच्या बाजूला दोन्हीकडे जोडचाकं असतात, म्हणजे एकूण सहा. हे ज्याने स्वतः मोजलं तो 'सिक्स व्हील्स' विसरत नाही. आकडे, अनेकवचन आणि वाहनांची नावं असे तीन घटक एकाच वेळी पक्के होतात.

टप्पा ३ : आधी कान आणि हातपाय, मग तोंड

जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भाषा शिकवायची एक पद्धत मांडली. तिचा गाभा सोपा आहे : मूल आधी ऐकतं, सांगितलेलं करून दाखवतं आणि बोलतं नंतर. आपल्या घरातलं तान्हं बाळही असंच शिकतं. "टाटा कर" म्हटलं की हात हलवतं, टाटा म्हणायला पुढे कित्येक महिने लागतात. वर्गात हे असं करता येईल.

आपण म्हणायचं, "राइड अ बायसिकल." मुलांनी पायडल मारल्यासारखं करायचं. "ड्राइव्ह अ ट्रॅक्टर", दोन्ही हातांनी मोठं स्टिअरिंग. "रो अ बोट", वल्हं. "वॉक", जागेवर चालायचं. "स्टॉप", सगळे थांबणार. दोन दिवस मुलांनी फक्त करायचं, बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी एकेका मुलाला हुकूम द्यायला पुढे बोलवा. जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत त्यांनाही वर्गावर हुकूम गाजवायला आवडतं.

इथे आणखी एक फरक लक्षात ठेवा. मराठीत आपण सायकल चालवतो, ट्रॅक्टर चालवतो, होडी चालवतो, विमानही चालवतो. एक 'चालवणे' सगळ्यांना पुरतं. इंग्रजीत मात्र ज्यावर टांग टाकून बसतो ते राइड, ज्यात बसून स्टिअरिंग धरतो ते ड्राइव्ह, वल्ह्याची होडी रो आणि विमान फ्लाय. हे व्याकरण म्हणून सांगू नका. कृती वेगळी असली की शब्द आपोआप वेगळा बसतो.

टप्पा ४ : वाक्य कोणतं घ्यायचं?

पुस्तकी प्रश्न असतो, "हाउ डू यू कम टू स्कूल?" वाडी-वस्तीवरच्या शाळेत याचं उत्तर सगळ्यांचं एकच : चालत. तीस मुलांनी तीस वेळा "ऑन फूट" म्हटलं की वाहनांचा घटक बाजूलाच राहतो. म्हणून प्रश्न बदला. "हाउ डू यू गो टू मामाज व्हिलेज?" विचारा. मामाच्या गावाला कोणी एसटीने जातं, कोणी वडापने, कोणी वडिलांच्या मोटारसायकलवर तिघं-चौघं बसून. उत्तरं वेगवेगळी आली की ऐकणाऱ्यालाही ऐकण्यात रस येतो. फळ्यावर बस, जीप, मोटारसायकल, ट्रेन असे रकाने करून प्रत्येकाच्या नावाची एक रेघ मारा. शेवटी मोजा, "नाइन चिल्ड्रन गो बाय बस." गणितातलं चित्रालेखाचं कामही त्यातच होऊन जातं.

वाक्यात मुलं कुठे अडखळतात? मराठीत 'बसने' म्हणतो, 'ने' मागे लागतो. इंग्रजीत 'बाय' पुढे येतो. मी दोन पट्ट्या करतो. एका रंगाच्या पट्टीवर 'बाय', दुसऱ्यावर वाहनाचं नाव. एक मूल 'बाय' घेऊन उभं राहतं, दुसरं बस घेऊन त्याच्या नंतर येऊन उभं राहतं. 'बाय'ची जागा ठरलेली, वाहनं बदलत जातात. मुलं "बाय अ बस" किंवा "फ्रॉम बस" म्हणतात तेव्हा चूक चूक म्हणून थांबवू नका. आपण फक्त बरोबर वाक्य परत म्हणायचं, "ओह, यू गो बाय बस!" आणि पुढे जायचं. "बाय वॉक" मात्र मोठी माणसंही म्हणतात, तेव्हा त्याकडे थोडं जास्त लक्ष द्या. "आय वॉक टू स्कूल" किंवा "आय गो ऑन फूट", यातलं एकच वाक्य आधी पक्कं करा.

उच्चाराबद्दल थोडं

मराठी लिपीमुळे काही शब्दांत घोळ होतो. तो आपल्याला माहीत असला की पुरे.

बोट : आपल्याकडे बोट म्हणजे हाताचंही. मी "शो मी अ बोट" म्हटलं की पहिल्या दिवशी हमखास दहा-बारा बोटं वर होतात. हसू द्या मुलांना. मग इंग्रजी बोट म्हणताना ओठ शेवटी आणखी गोल होतात, बो-उट असं काहीसं, हे आरशात दाखवा.

बस : हा तर हुकूमच झाला. मी "बस" म्हटलं की मुलं खाली बसतात. याचाच खेळ करा. हातात चित्र असेल तर सगळ्यांनी "धिस इज अ बस" म्हणायचं, चित्र नसेल तर खाली बसायचं. मुलं टक लावून बघतात.

व्हॅन आणि व्हील : मराठीत दोन्हीला आपण व्ह लिहितो, पण इंग्रजीत हे दोन वेगळे आवाज आहेत. व्हॅनला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. व्हीलला दात टेकत नाहीत, शीळ घालताना होतात तसे ओठ गोल होतात.

शिप आणि शीप : एक जहाज, एक मेंढी. मेंढरं बघितलेल्या मुलांना "शीप ऑन अ शिप" हे चित्र काढायला सांगा, फरक कायमचा राहतो.

बाकी 'टेशन', 'टरक', 'इस्कूल' यावरून मुलांना हिणवू नका. शब्द समजला, वापरला, एवढं पहिल्या वर्षी पुष्कळ आहे.

टप्पा ५ : नंबर प्लेट, फुकटचं पाठ्यपुस्तक

आपल्या गावात इंग्रजी अक्षरं सगळ्यात जास्त कुठे दिसतात? दुकानाच्या पाट्यांपेक्षाही वाहनांच्या नंबर प्लेटवर. प्रत्येक गाडीवर एम आणि एच ही दोन अक्षरं असतात, म्हणजे महाराष्ट्र. पुढचा आकडा आरटीओ कार्यालयाचा. आमचा बीड जिल्हा २३. कोल्हापूर ९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२, सोलापूर १३, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) १६, नागपूर ३१. केए दिसलं की गाडी कर्नाटकची.

मुलांना कामाला लावा. एका आठवड्यात शाळेसमोरून गेलेल्या गाड्यांवरची अक्षरं शोधायची आणि वहीत काढायची. ए ते झेडपैकी कोणती अक्षरं सापडली? रंगही बघायचे. पांढरी पाटी आणि काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळी पाटी आणि काळी अक्षरं म्हणजे भाड्याची किंवा मालवाहू गाडी. हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी. व्हाइट, यलो, ग्रीन, ब्लॅक हे रंग आपसूक येतात. सूचना एकच : हे काम फाटकाच्या आतून, शिक्षक सोबत असताना. रस्त्यावर मुलं सोडायची नाहीत.

ॲम्ब्युलन्सची गोष्टही इथेच सांगा. तिच्या पुढच्या बाजूला नाव उलटं लिहिलेलं असतं. का? पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला आरशात ते सुलटं दिसावं म्हणून. कागदावर उलटं लिहून आरशासमोर धरा, मुलं थक्क होतात. मग १०८ हा नंबर इंग्रजीत म्हणून घ्या, वन झीरो एट. घरात मोठं कोणी नसताना फोन लावायची वेळ आली तर हे तीन आकडे कामाचे आहेत.

कारखान्याहून परत आलेली मुलं

आता जरा वेगळं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आमच्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-बापांबरोबर जातात. परत आलेलं मूल वर्गात मागे बसतं. मधले कितीतरी पाठ त्याने पाहिलेले नसतात. त्याला वाटतं आपल्याला काहीच येत नाही, आणि कधी कधी आपल्यालाही तसंच वाटायला लागतं.

वाहनांचा घटक अभ्यासक्रमात कुठेही असो, मी त्याची एक उजळणी मुद्दाम या मुलांच्या परतण्याच्या दिवसांत ठेवतो. कारण या विषयात ती मुलं वर्गात सगळ्यात पुढे असतात. ट्रकमध्ये संसार भरून केलेला रात्रभराचा प्रवास, उसाने भरलेली ट्रॉली, काट्यावर लागलेली रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, हे त्यांनी पाहिलेलं असतं. एका वर्षी कारखान्याहून नुकताच आलेला एक मुलगा आठवडाभर इंग्रजीच्या तासाला बोलला नव्हता. चित्र काढायला दिल्यावर त्याने एक ट्रॅक्टर आणि मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या काढल्या. मी बोटाने दाखवत विचारलं, "हाउ मेनी ट्रॉलीज?" तो म्हणाला, "टू." मग स्वतःहून म्हणाला, "वन ट्रॅक्टर, टू ट्रॉली." बाजूच्या मुलांनी ट्रॉलीला किती चाकं ते विचारलं आणि त्याने मोजून सांगितलं. त्या दिवशी तो वर्गाचा माहीतगार होता.

अशा मुलांना "तू काय पाहिलंस ते सांग" असं सगळ्यांसमोर उभं करून विचारू नका. काही अनुभव त्रासाचे असतात, ते उघडे करायला लावणं बरं नाही. चित्र काढू द्या, चाकं मोजू द्या, नंबर प्लेटचे आकडे सांगू द्या. एमएच ९ आणि एमएच ११ च्या गाड्या त्यांनी ढिगाने पाहिलेल्या असतात. त्यांनी किती सांगायचं ते त्यांना ठरवू द्या. आणि इंग्लंडमध्ये मागे जोडतात त्याला ट्रेलर म्हणतात, ट्रॉली नाही, वगैरे दुरुस्त्या त्या वेळी करू नका. आपल्या देशातल्या इंग्रजीत ट्रॉली चालते.

मूल्यमापन कसं करायचं?

लेखी चाचणीत 'बी-यू-एस' लिहिता आलं म्हणजे शब्द आला असं नाही. आकारिक मूल्यमापनासाठी मी या पाच गोष्टी बघतो आणि वर्णनात्मक नोंदीत तशाच लिहितो.

१. नाव ऐकून योग्य चित्राला हात लावतो का?
२. खरं वाहन दिसल्यावर, चित्र नव्हे, नाव सांगतो का?
३. "हाउ मेनी व्हील्स?" याचं उत्तर देतो का?
४. "आय गो बाय..." हे वाक्य स्वतःच्या खऱ्या माहितीने पुरं करतो का?
५. पंधरा दिवसांनी, न सांगता विचारल्यावर, यातलं किती आठवतं?

पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. घटक संपल्यावर तो बंद करू नका. रोज परिपाठानंतर दोन मिनिटं, आज शाळेत येताना कोणती वाहनं दिसली एवढं इंग्रजीत विचारत राहा. एका वेळी सहा ते आठपेक्षा जास्त नवे शब्द देऊ नका. हेलिकॉप्टर आणि हॉट एअर बलून पुढच्या वर्षी आले तरी काही बिघडत नाही.

पालकांसाठी चार शब्द

तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी हा घटक घरी घेता येतो. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना मुलाला विचारा, "कोणकोणत्या गाड्यांची इंग्रजी नावं तुला येतात?" ते सांगेल आणि तुम्ही ऐका. बरोबर का चूक ते नाही सांगितलं तरी चालेल. "मला शिकव की" एवढं म्हटलं तरी मुलाची छाती फुगते. दुसरं, "तुला एवढंही येत नाही, एवढी फी भरतो" किंवा "शेजारच्याला बघ" असं म्हणू नका. इंग्रजी शाळेतल्या मुलाने हेलिकॉप्टरचं स्पेलिंग म्हणून दाखवलं म्हणून आपलं मूल मागे पडत नाही. आपलं मूल रस्त्यावरच्या दहा वाहनांची नावं सांगून, चाकं मोजून, आपण कशाने प्रवास करतो ते एका वाक्यात सांगत असेल, तर ते उत्तम शिकतं आहे.

शिक्षक मित्रांनो, उद्या हा घटक घेणार असाल तर तक्ता गुंडाळून बाजूला ठेवा आणि पहिली वीस मिनिटं फाटकापाशी बसा. कोरी वही आणि पेन तेवढं सोबत घ्या. यादी मुलंच देतील. आणि तुमच्या भागात वडाप, काळी-पिवळीसारखे जे वेगळे शब्द असतील ते आपल्या वर्गाच्या तिसऱ्या रकान्यात नक्की लिहा.